गोदाम आणि घर

माल गोदामात पडून राहिला, की तो नुसता पडून राहत नाही. तो मालकाला खातो. बँकेच्या नोकरीत जे काही शिकलो, त्यातलं हे सगळ्यांत टिकाऊ ज्ञान. सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या धंद्याला कर्ज देणाऱ्या शाखेत अधिकाऱ्याला दर महिन्याला गोदामं तपासत हिंडावं लागे. कारखानदार स्टॉक स्टेटमेंट देत, आपण जाऊन गठ्ठे मोजायचे. नवखा अधिकारी छतापर्यंत रचलेले गठ्ठे बघून खूश होई. मुरलेला अधिकारी सगळ्यांत खालच्या गठ्ठ्यावरची धूळ बोटानं पुसे आणि विचारी, "हा कधीचा?" ठरावीक मुदतीपेक्षा जुना माल कर्जाच्या हिशेबातून वगळला जाई. धंद्याची प्रकृती माल किती आहे यावरून कळत नाही, तो किती हलतो यावरून कळते.

निवृत्तीनंतर मी स्वतःच एक गोदाम पदरात घेतलं. म्हणजे छोटंसं प्रकाशन सुरू केलं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि येणाऱ्याला चहा. मागच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानं प्रकाशनात पडू नये, असं पुष्कळांनी सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं हिशेबानं अगदी बरोबर आहे. अडीचशे रुपये किमतीचं पुस्तक घ्या. विक्रेत्याचं कमिशन चाळीस टक्के, म्हणजे शंभर रुपये तिथेच गेले. लेखकाचं मानधन दहा टक्क्यांनी पंचवीस. कागद, छपाई, बांधणी यांना ऐंशी-नव्वद. उरले पस्तीस-पंचेचाळीस रुपये, त्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, हमाली, प्रदर्शनाच्या गाळ्याचं भाडं. पुस्तकावर जीएसटी नाही, हे खरं. पण कागदावर आणि छपाईवर तो आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे भरलेला कर वळता करून मिळत नाही. टपालाचीही तीच कथा. २०२४ च्या डिसेंबरात पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा बंद झाली, तेव्हा आमच्यासारख्यांचे काही महिने हाल झाले. २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्यानं 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोला शंभर. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पाचशे प्रतींच्या आवृत्तीतल्या पहिल्या दोनशे प्रती ओळखीपाळखीत, ग्रंथालयांत आणि प्रदर्शनांत जातात. उरलेल्या तीनशे मागच्या खोलीत. त्या वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांना अजून कुणी हातात घेऊन उघडलेलं नसतं, एवढंच.

या मागच्या खोलीमुळे मला एका वेगळ्याच प्रश्नाची नाडी सापडली. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला गणेशोत्सव मंडळापासून भजनी मंडळापर्यंत सगळेच हिशेब लिहायला बोलावतात. तसंच एका छोट्या संस्थेनं बोलावलं. जखमी, आजारी आणि मालकांनी सोडून दिलेली कुत्री-मांजरं सांभाळण्याचं काम ही मंडळी करतात. पत्र्याचं छप्पर, जाळ्यांचे कप्पे, उन्हाळ्यात वर टाकलेली भिजवलेली पोती. जमाखर्चाच्या वहीबरोबर त्यांनी आणखी एक वही पुढे ठेवली. ती आवक-जावकाची वही होती. एका बाजूला आवक: 'अपघात, होटगी रोड', 'मालकांची बदली', 'घरात बाळ झालं', 'म्हातारा झाला', 'रात्री गेटला बांधून गेले'. दुसऱ्या बाजूला जावक: 'बरं करून जागेवर सोडलं', 'गेलं', आणि क्वचित कुठेतरी 'दत्तक'. आवकेची पानं भराभरा पुढे गेलेली, जावकेचा शाईचा रकाना बराचसा कोरा. मी ती वही बघितली आणि मला खालच्या गठ्ठ्यावरची धूळ आठवली. काही कुत्र्यांच्या नावापुढची आवकेची तारीख चार-पाच वर्षांपूर्वीची होती.

प्राण्यांचा निवारा म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे घर येतं. निवारा हे घर नसतं. चालवणारे कितीही मायेचे असले, तरी ते वाटेवरचं ठिकाण असतं. कुणी येऊन नेईल तोपर्यंतचं. नेणारा आला नाही, तर ते गोदाम होतं. आणि गोदामाचा नियम कुठेही तोच.

हे आता मुद्दाम लिहायचं कारण आहे. २०२५ साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. देशभर दोन तट पडले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यात बदल केला: निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं कुत्रं त्याच्या जागी परत सोडावं, रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर येणारं मात्र सोडू नये. ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश झाला: शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात न्यावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत. या सगळ्या गदारोळात २२ ऑगस्टच्या आदेशातल्या एका सूचनेकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्यांना प्राण्यांची कणव आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं रीतसर दत्तक घ्यावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, अशी ती सूचना होती.

बँकेतल्या सवयीनं मी कागदावर आकडे मांडून बघितले. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात भटकी कुत्री सुमारे एक कोटी त्रेपन्न लाख, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. एका कुत्र्याच्या खाण्याला दिवसाला फक्त चाळीस रुपये धरा. औषध, डॉक्टर, पाणी, झाडणाऱ्याचा पगार सगळं सोडून द्या. देशभराचा खर्च दिवसाला एकसष्ट कोटी, वर्षाला बावीस हजार कोटींच्या वर. आणि जागा कुठली? ज्या गावांत माणसांनाच चार-चार दिवसांनी पाणी मिळतं, तिथे लाखो कुत्र्यांना पाणी कोण पाजणार? सगळी कुत्री कोंडून प्रश्न सुटेल, हे अंकगणितातच बसत नाही.

म्हणून कायद्यानं वेगळी वाट काढली आहे. २००१ साली प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम आले, त्यांच्या जागी २०२३ च्या मार्चमध्ये नवे. कुत्रं धरायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि त्याच गल्लीत परत सोडायचं. तुमच्या गल्लीत कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं, तर त्याच्यावर हे काम झालेलं आहे असं समजायला हरकत नाही. गल्लीत असं कुत्रं असलं, की बाहेरचं कुत्रं सहसा तिथे पाय टेकू शकत नाही. हे काम नेटानं केलं, तर फळ मिळतं. गोव्यात २०१४ पासून राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी गावोगाव हिंडून कुत्र्यांना लस टोचली, शाळांमधून मुलांना शिकवलं, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

पण काही कुत्री परत सोडता येत नाहीत. तीन पायांचं, आंधळं, आईविना राहिलेलं पिल्लू, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे घरात वाढलेलं आणि मग सोडून दिलेलं. त्याला रस्ता ठाऊकच नसतो. ट्रकचा आवाज आला की ते बाजूला पळत नाही, मालक येईल म्हणून रस्त्याच्या मधोमध उभं राहतं. ही सगळी निवाऱ्यात येतात. यांच्यासाठी जावकेचा एकच रकाना शिल्लक राहतो.

हा प्रश्न आपलाच नाही आणि आजचाही नाही. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारच्या माणसांनी कुत्री मारण्याची मोहीम काढली. दर कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे मारेकरी लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, बाजार बंद पडला. त्याच मुंबईत पुढे दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं ते रुग्णालय आजही चालू आहे. कुत्री मारण्याचा उद्योग मुंबईत थांबून निर्बीजीकरणाचा कार्यक्रम सुरू व्हायला मात्र १९९४ साल उजाडावं लागलं. एवढी वर्षं मारूनही कुत्री संपली नव्हती, हा त्यातला धडा.

लंडनची गोष्ट प्रकाशकाच्या दृष्टीनं अधिक बोलकी आहे. १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईंनी तिथे हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी आश्रय उघडला. पुढे तो बॅटरसी भागात गेला आणि त्याच नावानं जगभर ओळखला गेला. त्याच्या मूळ नावातच 'तात्पुरतं घर' असे शब्द होते. बाईंना गोदामाचा नियम ठाऊक होता म्हणायचं! लंडनच्या शहाण्या लोकांनी आधी त्यांची टर उडवली. माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कसले, हा सवाल तेव्हाही होताच. वारं फिरायला मदत झाली ती एका लेखामुळे. १८६२ साली चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला. शहरात तेव्हा श्रीमंतांच्या जातिवंत कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं. लेखकानं ते प्रदर्शन आणि हा आश्रय शेजारी-शेजारी ठेवून वर्णन केलं, एवढंच. वाचकांना काय ते समजलं.

छापील शब्दाची ताकद अशी अवचित दिसते. १८७७ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच या गावच्या प्रकाशकानं ॲना सिवेल या आजारी बाईंची एक कादंबरी छापली. नाव 'ब्लॅक ब्यूटी', निवेदक एक घोडा. लंडनच्या नव्हे, जिल्ह्याच्या गावच्या प्रकाशकानं, हे मी मुद्दाम सांगतो. बाई पुढच्याच वर्षी वारल्या. पण घोड्याची मान दिसायला ताठ राहावी म्हणून बांधल्या जाणाऱ्या त्रासदायक लगामाविरुद्ध जनमत तयार होण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. लांब कशाला, आमच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली घ्या. १९३२ साली या गावात जन्मलेला, घरी तेलुगू बोलणारा हा वनाधिकारी. त्यांनी रानातले पक्षी, प्राणी आणि त्यांची नावं मराठी वाचकाच्या घरात आणून सोडली. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२५ च्या जूनमध्ये याच गावात त्यांनी देह ठेवला. वाचलेल्या प्राण्याशी माणसाचं नातं जुळतं, यावर माझा विश्वास आहे तो अशा दाखल्यांमुळे.

मी काही डिकन्स नव्हे. पण माझ्याजवळ एक गोष्ट आहे, ती म्हणजे पुस्तकाची शेवटची पानं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापलं जातं. मजकूर एकशे चोपन्नाव्या पानावर संपला, तरी छपाई एकशे साठ पानांचीच होते. सहा पानं कोरी उरतात. त्यांचा कागद आपण विकत घेतलेलाच असतो. बहुतेक प्रकाशक तिथे आपल्या पुस्तकांची यादी छापतात. मीही छापतो. पण गेली काही वर्षं त्यातलं एक पान मी निवाऱ्याला दिलं आहे. दत्तक कसं घ्यावं, काय बघावं, काय विचारावं हे त्यावर छापतो, आणि प्रदर्शनातल्या गाळ्यावर एक फळा ठेवतो. फळ्यावर त्या महिन्यात घर शोधत असलेल्या चार-पाच कुत्र्यांचे फोटो आणि दोन-दोन ओळी. खर्च शून्य.

त्या दोन ओळी लिहिणं मात्र सोपं नाही. संस्थेतल्या मुली आधी लिहीत: 'या बिचाऱ्या निष्पाप जिवाला घर द्या हो!' लोक वाचत, हळहळत आणि पुढे जात. पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'हृदयस्पर्शी' लिहिलं, की वाचक पुस्तक खाली ठेवतो, हा माझा धंद्यातला अनुभव. मग आम्ही खरं तेच लिहायला लागलो. 'मादी, अंदाजे चार वर्षं. जिना चढायला घाबरते. भाकरी-दूध आवडीनं खाते. मुलांत रमते, मांजर दिसलं की ऐकत नाही. फटाक्यांच्या वेळी पलंगाखाली बसते.' गुण लिहिले तसे अवगुणही लिहिले. लोक थांबून वाचायला लागले. 'आमच्याकडे जिना नाहीच,' असं एखादा म्हणाला, की समजायचं, काम झालं.

अशी एक काळी कुत्री होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर निवाऱ्याचा पत्ता होता. ते पुस्तक एका ग्रंथालयातून विडी घरकुलातल्या एका मुलीनं घरी नेलं होतं. एका रविवारी ती आईला घेऊन निवाऱ्यात आली. आई विड्या वळणारी, बोलणं तेलुगू मिश्रित मराठी. सगळ्या कप्प्यांपुढून हिंडून बाई त्या काळ्या कुत्रीपुढे थांबल्या. "ही काहीच मागत नाही का हो?" त्यांनी विचारलं. खरं होतं. बाकीची जाळीवर उड्या मारत होती, ही कोपऱ्यात बसून नुसती बघत होती. इतकी वर्षं ती कुणाच्या नजरेत भरली नव्हती त्याचं कारणही तेच. बाई म्हणाल्या, "मी दिवसभर एका जागी बसून काम करते. मला अशीच सोबत पाहिजे." तीन महिन्यांनी संस्थेच्या माणसाबरोबर मी चौकशीला गेलो, तेव्हा कुत्री तेंदूच्या पानांच्या सुपाशेजारी झोपलेली होती. नाव ठेवलं होतं नल्ली. नल्ला म्हणजे तेलुगूत काळा. बाईंनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि वाचणारही नव्हत्या. पण माझ्या पुस्तकाची ती प्रत पुरेपूर वसूल झाली, असं मी मानतो.

घर द्यायला घर मोठं लागत नाही, हे मी अशा वेळी शिकलो. आडवी येते ती हौस. आपल्याकडे 'गावरान' या शब्दाची गंमत बघा. गावरान अंडं म्हटलं की दोन रुपये जास्त. गावरान तूप, गावरान कोंबडी, गावरान शेंगदाणे, सगळ्याला भाव. फक्त गावठी कुत्रं फुकटसुद्धा नको! त्याऐवजी बर्फाळ मुलखातलं, अंगभर लोकर असलेलं कुत्रं हजारो रुपये मोजून आणायचं आणि सोलापूरच्या चव्वेचाळीस अंशांत गच्चीवर बांधायचं. दोन उन्हाळे होईपर्यंत त्याची कातडी बिघडते, केस घरभर होतात, डॉक्टरांची बिलं येतात आणि एका रात्री ते गेटला बांधलेलं सापडतं. गावठी कुत्रं शेकडो पिढ्या याच उन्हात, याच मातीत टिकून राहिलेलं आहे. त्याला दुपारी सावली, भांडंभर पाणी आणि वेळेवर खाणं मिळालं, की ते कुरकुर करत नाही.

जनावर विनाकारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शिक्षा ऐकाल तर हसाल. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. साठ सालचे पन्नास रुपये मोठे होते. आज त्या पैशात माझ्या प्रकाशनाचं सगळ्यांत पातळ पुस्तकही येत नाही. कायद्याचा धाक उरलेला नाही, म्हटल्यावर उरते ती आपली रीत. आणि आपली रीत काय सांगते? महाभारत उघडलं की आदिपर्वातच सरमेच्या पिल्लाची गोष्ट येते. जनमेजयाच्या भावांनी यज्ञाच्या जागी त्या पिल्लाला काही अपराध नसताना मारलं, आणि त्याच्या आईनं येऊन राजाला जाब विचारला. आणि शेवटी हिमालयाच्या वाटेवर सगळे गळून पडल्यावर धर्मराजाबरोबर उरतं तेही कुत्रंच. त्याला टाकून ये, मग स्वर्गात चल, असं इंद्र म्हणतो, आणि धर्मराज स्वर्ग नाकारतो. इतक्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रं उभं आहे. आमच्या भागात अक्कलकोट, गाणगापूरला जाणारी घरं पुष्कळ. त्या घरांत भिंतीवर दत्ताची तसबीर असतेच. तसबिरीत चार कुत्री असतात. त्यांतलं एकही परदेशी जातीचं मी पाहिलेलं नाही.

आता हरकतींकडे वळतो, कारण त्या खऱ्या आहेत. माझ्या ओळखीच्या एका आजींना दूध आणायला जाताना कुत्रं चावलं, त्यानंतर त्यांनी पहाटेचं बाहेर पडणंच सोडलं. त्यांच्यापुढे मी भूतदयेचं प्रवचन करणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे एकोणसाठ हजार माणसं या रोगानं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या देशाचा आहे. म्हणून चावा, मग तो पाळलेल्या कुत्र्याचा का असेना, कधीही अंगावर काढू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावं आणि लशीचे सगळे डोस पुरे करावेत. रस्त्यावरचं मोकाट कुत्रं माणसाला जसं धोक्याचं, तसं रानालाही. आमच्याकडे नान्नजच्या माळरानावर माळढोकासाठी अभयारण्य आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला कुत्र्यांच्या टोळीपासून कोण वाचवणार?

पण या सगळ्याचा अर्थ मी जो लावतो तो असा: कुत्र्याची उत्तम जागा रस्ता नव्हे आणि कायमचा पिंजराही नव्हे. घरातलं, लस टोचलेलं, शस्त्रक्रिया झालेलं कुत्रं चार पिल्लं रस्त्यावर आणत नाही, कचराकुंडीवर टोळी करत नाही आणि पहाटे कुणाच्या आजीच्या मागे लागत नाही. माणसं महत्त्वाची की कुत्री, या भांडणात घरातलं कुत्रं कुठल्याच बाजूला बसत नाही.

तरीही सगळ्यांनी उठून कुत्रं आणावं, असं मी कधीच म्हणत नाही. फळ्यापुढे थांबलेल्या माणसाला मी कर्ज मागायला आलेल्या माणसासारखे प्रश्न विचारतो. हे कर्ज दहा-बारा वर्षांचं आहे, मधे बंद करता येत नाही. घरातले सगळे राजी आहेत का? वारीला, लग्नाला, गावाला गेलात तर बघणार कोण? दिवाळीचे चार दिवस फटाक्यांत ते कुठे लपणार? वर्षाची लस आणि आजारपण यांचे पैसे बाजूला पडतील का? घर भाड्याचं असेल तर मालकाशी बोललात का? सोसायटीत असाल, तर प्राणी पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. पण शेजाऱ्याशी आधी गोड बोलून ठेवावं, जिना स्वच्छ ठेवावा, हे नियमापेक्षा जास्त उपयोगी. पिल्लाचा हट्ट धरणाऱ्याला मी मोठं कुत्रं बघायला सांगतो. पिल्लू पुढे कसं निघेल ते सांगता येत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव उघड्या पुस्तकासारखा पुढ्यात असतो. आणि ज्याचं वय सत्तरीच्या पुढे आहे, त्याला म्हणतो, थोड्या दिवसांसाठी सांभाळा. निवाऱ्यातलं एखादं आजारी कुत्रं बरं होईपर्यंत महिनाभर घरी ठेवलं, तरी एक कप्पा मोकळा होतो.

एवढं ऐकून पुष्कळ जण परत जातात, आणि ते योग्यच आहे. बुडीत जाणारं कर्ज आधीच नाकारलेलं बरं. जे थांबतात, त्यांच्याकडून कुत्रं परत येण्याचे प्रसंग फार थोडे.

पुस्तकाचं एक बरं असतं. दहा वर्षं कुणी घेतलं नाही, तर शेवटी रद्दीवाला येतो आणि किलोच्या भावानं का होईना, खोली रिकामी करून जातो. दुःख होतं, पण विषय संपतो. निवाऱ्यातल्या जिवाच्या बाबतीत ती सोय नाही, असूही नये. तिथे खोली रिकामी करणारा एकच माणूस असतो, आणि तो कुठल्यातरी साध्या घरातून चपला घालून निघालेला असतो.

सध्या एक कथासंग्रह छापायला जाण्याच्या बेतात आहे. मजकूर एकशे छप्पन्नाव्या पानावर संपतो, म्हणजे चार पानं उरतात. तीन पानांत यादी बसवली आहे. चौथ्या पानासाठी निवाऱ्यातल्या मुलींनी नवा मजकूर पाठवला आहे, त्यात एका म्हाताऱ्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलंय: 'डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्या बाजूनं हाक मारावी.' मी त्यात एक अक्षरही बदललेलं नाही.